एकोणचाळीसाव्या पानावरचे दोन साप

मास्तर, तुमच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. नदीकाठच्या बाभळींवर पाच-सहा बसले होते, मान वाकडी करून बघत होते, पण खाली एक उतरेना. लोक कासावीस झाले. तुमच्या चुलतभावानं हात जोडून वैनींना सांभाळायचं कबूल केलं. कुणी म्हणालं, मास्तरांचं पक्ष्यांचं पुस्तक राहून गेलं, त्यातच जीव अडकला असंल. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. "ड्रॉइंग, तुमी तरी काय तरी बोला की. तुमी त्यांच्या लई जवळचं."

कावळे का येत नाहीत ते मला ठाऊक होतं. तुम्हीच लिहिलंय. माणसाचा वर गेलेला हात म्हणजे दगड, एवढंच कावळ्याला कळतं. पन्नास माणसं पिंडाभोवती कोंडाळं करून हात उचलतात आणि वर कावळ्यालाच विचारतात की बाबा, काय राहिलं? पक्ष्यांच्या पुस्तकातलं ते प्रकरण ओट्यावर वाचलं गेलं तेव्हा तुमच्या घरावर शेण पडलं होतं. मला सगळं ठाऊक होतं, आणि मी गप्प उभा राहिलो. ऊन चढलं. मनात म्हटलं, राहू दे तिष्ठत. जन्मभर लोकांवर "मागं सरा, नीट बघू द्या" म्हणून खेकसलात, आज खेकसा.

मग माझी मलाच शिसारी आली. माहीत असून गप्प राहायची ही माझी पहिली वेळ नव्हती.

"मागं सरा," मी म्हणालो. "पार बाभळीच्या पलीकडं. हात खाली ठेवा." लोक सरले. विडी पेटवून होईपर्यंत कावळा खाली आला. म्हातारे एकमेकांना सांगायला लागले, ड्रॉइंगनं मनातल्या मनात कायतरी कबूल केलं बगा, म्हणून शिवला.

काही कबूल केलं नव्हतं. ते आता करतो आहे.

पहिल्यांदा हे लिहून टाकतो की तुम्ही मला आवडत नव्हता. चौदा-पंधरा वर्षं तुमच्या ओट्यावर बसलो, तुमच्या घरचं जेवलो, तुमच्या नादानं सगळा माळ तुडवला, आणि त्यातल्या निम्म्या संध्याकाळी घरी जाताना तुम्हाला शिव्या घातल्या. आता गावात तुमची आरती सुरू झाली आहे. ज्यांनी तुमचं पुस्तक परत आणून दारात आपटलं, तेच देवमाणूस म्हणतात. मला ते जमणार नाही. देवमाणसाजवळ कबुली देता येत नाही. तुमच्याशी भांडता भांडताच देईन.

तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाही. शाळेत चित्रकला शिकवायचो म्हणून मी ड्रॉइंग. "काय ड्रॉइंग, आज शेपूट उगवलं का?" तुम्ही विज्ञान शिकवायचात, पण तुम्हाला कुणी विज्ञान म्हणालं नाही. तालीमातच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या साहेबाशी तुमचं वाजलं, राजीनामा त्याच्या टेबलावर टाकून तुम्ही घरी बसलात, तरी मास्तर तुम्हीच राहिलात. मी नोकरीत असून ड्रॉइंग. तुमचं बघून पोरं म्हणायला लागली, पोरांचं ऐकून गाव. माझी बायकोसुद्धा एकदा शेजारणीला म्हणाली, आमचे ड्रॉइंग आज लवकर आले.

पुस्तकाचं खूळ तुमचं. वरच्या इयत्ता उर्दूत, त्यात वाघ-सिंहाचे धडे, आणि आपल्या पोराला घरामागच्या घोरपडीविषयी दोन ओळी लिहिता येत नाहीत, हे तुमचं दुखणं होतं. "आपल्या माळावर जे हाय तेवढंच लिहायचं," तुम्ही म्हणालात. "लांडगा, खोकड, तरस, साप. ऐकीव एक वाक्य नको." मी सांगायला आलो की आज येडशीच्या वाटेवर तरस बघितलं, की तुम्ही लगेच, "बघितलंत, की बघितल्यासारखं वाटलं? पुढचे पाय लांब की मागचे?" मला सांगता यायचं नाही. मग मला परत त्याच वाटेवर हाकलायचात. तीन पहाटा मी तिथल्या एका खडकावर कुडकुडत काढल्या, चौथ्या दिवशी आलो नि सांगितलं, पुढचे लांब. तुम्ही म्हणालात, "ते मला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक व्हायला पायजे होतं."

पुस्तक निम्मं झालं आणि तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. वाट दिसायची, माणूस दिसायचं, अक्षर दिसेनासं झालं. मजकूर वैनी लिहून घ्यायच्या. चित्रं माझी. लढाईमुळं जस्ताचे ठसे मिळत नव्हते, म्हणून मी शिसवाच्या गुळगुळीत तुकड्यांवर चित्रं कोरायचो. आमच्या घरात चार पिढ्या तेच काम. बाप दारांवर वेल कोरायचा, मी लांडग्याचे कान कोरले. तुमची तपासणी बोटानं. कोरलेल्या रेघांवरून तुमचं बोट सावकाश फिरायचं, आणि जिथं खोट असेल तिथं बरोबर थांबायचं. इतकी वर्षं माझं काम डोळ्यांनी बघणाऱ्या कुणाला ती दिसली नव्हती.

मण्यार मी तीनदा कोरला. दुसऱ्या वेळचा ठसा बारा दिवसांचा होता. तुमचं बोट मानेपासून शेपटीपर्यंत गेलं, परत मानेवर आलं, आणि तुम्ही तो ठसा उचलून पाणी तापायच्या चुलीत टाकलात.

"मानेपासून ठसठशीत पट्टे असतात ते कवड्याला," तुम्ही म्हणालात. "कवड्या गरीब. मण्याराचे पट्टे शेपटीकडं ठसठशीत असतात, मानेकडं पुसट होत जातात. काळ्या-पांढऱ्या चित्रात दोघांत दुसरा फरक दाखवता येत नाही. ह्या एका चुकीनं माणूस मरंल, ड्रॉइंग. कळतंय का?"

वैनी चुलीपुढं होत्या. त्यांनी चिमट्यानं ठसा बाहेर ओढला, पण पेटला होता. मी घरी गेलो. दोन दिवस आलो नाही, तुम्ही बोलावणं पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी नवं लाकूड घेऊन आपणच आलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं मी स्वतःची समजूत घालत आलो की त्या चुकीचं वजन मला माहीत नव्हतं. माहीत होतं. तुम्ही माझे बारा दिवस जाळून ते सांगितलं होतं.

गिरमल अप्पा त्याच दिवसांतले. बेंबळीचे किराणा दुकानदार, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलताना मधूनच कानडी. आठवड्याला माल भरायला धाराशिवला यायचे आणि छकडा तुमच्या दारात सोडून तासभर वाद घालायचे. धामण म्हशीचं दूध पिते असं त्यांचं पक्कं म्हणणं. तुम्ही एक धामण धरून आणली, अंगणात मोठ्या पाटीखाली दुधाच्या वाटीजवळ ठेवली, आणि अप्पांना दोन तास उन्हात बसवलं. धामणीनं दुधाला तोंड लावलं नाही.

"गार लागत आसंल तिला," अप्पा म्हणाले. "धारोष्ण पायजे."

"अप्पा, सापाला ओठ न्हाईत. चोखणार कशानं?"

"मग आमच्या म्हशीचं दूध कोन पितंय?"

"गवळी."

अप्पा एवढे हसले की टोपी पडली. पुढच्या आठवड्यात सांगत आले, गवळी बदलला, दूध वाढलं. त्या दिवसापासून ते तुमचे झाले. पुस्तक निघालं की दोन प्रती माझ्या, म्हणाले, एक वाचायला आन् एक भांडायला. त्यांच्यासमोरच तुम्ही बोललात, ते मी जपून ठेवलं होतं: "ह्या पुस्तकावर दोन नावं येणार, अप्पा. लिहिणाऱ्याचं आन् काढणाऱ्याचं."

छापायचं सोलापुरात ठरलं, निजामाच्या हद्दीबाहेर, कारण इथं इजाजत मिळायची नाही. शेवटची प्रुफं तपासायला तुम्ही मला पाठवलंत. "तुमचे डोळे ते माझे डोळे," म्हणालात. सर्व्हिस मोटारीतनं तुळजापूरमार्गे जाताना मी ते वाक्य घोळवत होतो. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती.

छापखान्यात पहिलं पान हातात आलं. वर पुस्तकाचं नाव, खाली तुमचं. माझं नाही. आत प्रस्तावनेच्या शेवटी एक ओळ: चित्रांच्या कामी एका सहकाऱ्याची मदत झाली. एका सहकाऱ्याची. ती ओळ मी खूप वेळ बघत बसलो. खिळे जुळवणारा मला चहा विचारून गेला ते ऐकू आलं नाही. वैनींच्या हातचं लिखाण तिथंच टेबलावर होतं, त्यातही तसंच होतं. म्हणजे छापखान्याची चूक नव्हती.

मग पुढची पानं बघत गेलो. एकोणचाळीसाव्या पानावर मण्यार आणि कवड्या समोरासमोर, आणि दोन्ही चित्रं एकमेकांच्या जागी.

कसं झालं ते लगेच कळलं. ठशांच्या पाठीवर मी उर्दूतले आकडे टाकले होते, मण्याराला सात, कवड्याला आठ. शाळेचं दफ्तर उर्दूत, हाताला तीच सवय. उर्दूतला सात म्हणजे वर पसरलेल्या दोन रेघा, आठ म्हणजे त्याच दोन रेघा खाली पसरलेल्या. ठसा उलटा धरला की साताचा आठ होतो. आमच्याकडं म्हणून आकड्याखाली एक आडवी रेघ मारतात, पाया कुठला ते कळायला. मी ती मारायला विसरलो होतो. सोलापूरच्या माणसाला उर्दू येत नव्हतं, त्यानं दोन्ही ठसे उलटे धरून, कुठला आकडा कुठल्या सापाचा ह्या माझ्या चिठ्ठीवरच्या आकाराशी आकार जुळवला. वेटोळ्यातल्या सापाला वर-खाली काही नसतंच.

ती चूक होती. पुढचं चूक नव्हतं.

"बरोबर हाय का, मास्तर?" त्यानं विचारलं. मला मास्तर म्हणणारा तो एकटाच. "दस्तखत करा, म्हंजे मशीनवर चढवतो."

दोन ठसे उचलून इकडचे तिकडं ठेवायचे होते. पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढंच काम. मी विचार केला, छापू दे. ज्यांनी बारा दिवस जाळले त्यांच्या पुस्तकात साप बदललेले निघू देत. गाव हसू दे एकदा. ज्याची चित्रं त्याचं नाव नाही, मग ज्याचं नाव त्याची चूक. माणूस मरंल हे तुमचं वाक्य आठवलं नाही, असं मी लिहिणार नाही. आठवलं होतं. तुमच्या आवाजात आठवलं, आणि तो आवाज आवडत नव्हता म्हणून मी दस्तखत केली.

बघितलंत, की बघितल्यासारखं वाटलं? बघितलं होतं, मास्तर.

पुस्तकांची पोती घेऊन परत येताना करोडगिरीच्या, निजामाच्या जकातीच्या नाक्यावर शिपायानं मोटार अडवली. त्याला वाटलं काँग्रेसचे कागद. पोतं फाडलं, वरचीच प्रत उघडली, तर तरसाचं चित्र. "ये क्या है?" "जनावरांची किताब आहे." त्यानं चार पानं चाळली, दुसऱ्याला बोलावलं, दोघं घोरपडीचं चित्र बघत बसले. मागून ड्रायव्हर बोंबलत होता. "किसने बनाई ये तस्वीरां?" शिपायानं विचारलं. मी फाटलेलं पोतं आवळायला लागलो. "हाथ में जान है," तो म्हणाला, आणि जाऊ दिलं.

तुम्ही ओट्यावर वाट बघत होता. प्रत हातात घेतलीत, वास घेतलात, आणि पानांवरून बोट फिरवायला लागलात. ठशावर चालणारं तुमचं बोट कागदावर आंधळं होतं. तरी तुम्ही एकेक पान चाचपत होता. तेव्हा मी विचारलं, माझं नाव?

"सरकारी नोकर तुम्ही," तुम्ही सहज म्हणालात. "बिनइजाजतीच्या मराठी पुस्तकावर नाव गेलं तर घरी बसाल. लेकरं हायत. राज्य बदलंल तेव्हा दुसऱ्या छपाईत घालू."

मला आजही कळत नाही की ते खरं होतं का ऐनवेळी सुचलेलं. पण खरं असेल तर आधी सांगायला तुमची जीभ झडत होती का? मी सोलापूरला निघण्याआधी दोन वाक्यं बोलला असतात तर गिरमल अप्पा आज हयात असते. तुम्ही कुणाला विचारत नव्हता, मास्तर. तुम्ही परस्पर ठरवत होता. कुणी काय बघायचं, कुणी काय कोरायचं, कुणाचं नाव वाचवायचं.

आणि मी? मोटार दारात होती, पोती बांधलेली होती, एकही प्रत विकली गेली नव्हती. तेव्हा बोललो असतो तरी चाललं असतं. पण बोलायचं म्हणजे बघून गप्प बसलो हे सांगायचं. मी पोती आत लावली आणि घरी गेलो.

ह्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही. कुणालाच नाही.

महिन्याभरानं गिरमल अप्पा शाळेच्या फाटकाशी मला भेटले. काखेत पुस्तक, भांडायची प्रत. "ड्रॉइंग मास्तर, येक घोटाळा झालाय बगा. लिवलंय की मण्याराचे पट्टे शेपटीकडं ठसठशीत. चित्रात तर मण्याराचे मानंकडं ठसठशीत हायत. आता खरं कोन म्हनायचं?"

त्यांनीच पकडलं होतं. अख्ख्या जिल्ह्यात एका किराणा दुकानदारानं पकडलं होतं, कारण तुम्ही त्यांना दोन तास उन्हात बसवून बघायला शिकवलं होतं. मी फक्त एवढं म्हणालो, "चित्र मी काढलंय, अप्पा."

खोटं नव्हतं. चित्र मीच काढलं होतं.

"मग झालं," ते खुशीत म्हणाले. "लिवनाऱ्याचे डोळे गेलेत, काढनाऱ्याचे शाबूत हायत. मास्तरला मी सांगत न्हाय, बिचाऱ्याला वाईट वाटंल." माझ्या पाठीवर थाप मारून छकड्यात बसले. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. घंटा झाली, मी वर्गात गेलो.

श्रावणात त्यांच्या दुकानात गुळाच्या ढेपांमागं साप निघाला. गडी काठी घेऊन आला तर अप्पांनी थांबवला. पुस्तक आणून चिमणीच्या उजेडात धरलं. पट्टे शेपटीकडं. "कवड्या हाय रे. गरीब. मारू नगंस," म्हणाले आणि फडक्यानं उचलला. बोटाला मुंगी चावल्यासारखं झालं. ते हसले, जेवले, झोपले. सकाळी त्यांच्या पापण्या उघडल्या नाहीत.

त्यांचा भाऊ ते पुस्तक घेऊन तुमच्या ओट्यावर आला तेव्हा मी तिथं होतो. त्यानं ते तुमच्या अंगावर फेकलं. "ह्यात बगून उचलला त्यानं. ह्यात बगून!" तुम्ही पुस्तक चाचपून एकोणचाळीसावं पान मागितलंत. मी हात पुढं केला. तुम्ही म्हणालात, "तुम्ही नको. ती सांगंल." वैनींना बोलावलंत. "मण्याराच्या चित्रावर बोट ठेव. पट्टे कुठं ठसठशीत हायत?"

वैनींनी बोट फिरवलं. "मानंपाशी."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. मानंपाशी."

तुम्ही मान वळवून माझ्याकडं बघितलंत. मोतीबिंदूतनं काय दिसलं असेल कोण जाणे. मग भावाला म्हणालात, "पुस्तक माझं. चूकही माझी." त्यानं तुमच्या थोबाडीत मारली. मी तुमच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. हललो नाही.

मी तुमचा द्वेष त्या दिवसापासून खरा करायला लागलो. त्याआधीचं रुसणं होतं. श्रेय तुमचं, ठीक. पण दोषही तुमचाच? त्यातलाही वाटा तुम्ही मला दिला नाहीत. तुम्ही ओरडला असतात, ठशासारखं मलाही चुलीत घातलं असतंत, तर मी सुटलो असतो. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "ड्रॉइंग, चहा घेणार?"

तुम्ही घरोघरच्या प्रती परत मागवल्या, पोत्यात बांधून माडीवर टाकल्या. पक्ष्यांचं पुस्तक थांबलं. डोळ्यांचं ऑपरेशन करायला नाही म्हणालात. एकदा मी धीर करून सुचवलं की दोन चित्रांपायी सगळं पुस्तक गाडायचं कारण नाही, एक शुद्धिपत्र चिकटवू. तुम्ही विचारलंत, "त्यावर काय लिहायचं? चूक कुणी केली ते?"

चहा निवून साय धरली. "राहू द्या मग," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर रझाकारांचे दिवस आले, लोक गाव सोडून सोलापूरकडं पळाले, परत आले, निजाम गेला, शाळेवर मराठी पाटी लागली. राज्य बदललं, पण दुसरी छपाई निघाली नाही. मी येत राहिलो, रोज. लोकांना वाटायचं किती जीव आहे ह्या दोघांचा. मी तुम्ही कधी बोलता ते बघायला येत होतो, आणि तुम्ही बहुतेक मी कधी बोलतो ते ऐकायला बसत होता. शेवटच्या आठवड्यात ताप चढला होता तेव्हा तुम्ही म्हणालात, "खोकडीची पिल्लं किती होती हो, त्या पहाटे?" मी म्हणालो, तीन. त्या पहाटे तुम्हाला बीळ दिसत नव्हतं. मी कानाशी लागून एकेक पिल्लू सांगत होतो, कुठलं कुणाच्या शेपटीला धरतंय ते, आणि तुम्ही तोंडावर उपरणं धरून पोरासारखे हसत होता. त्या एका पहाटेचं देणं मी नाकारत नाही. त्या पहाटे मला कळलं होतं की मला बघता येतं. तुमच्याआधी ते मला कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हीही सांगितलं नाहीत, फक्त "पुढं? पुढं काय करतंय?" विचारत राहिलात.

दहाव्याहून परतल्यावर वैनींनी एक गाठोडं माझ्यापुढं ठेवलं. त्यात छापखान्यानं परत पाठवलेली प्रुफं होती. ती तुमच्याकडं आहेत हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. किती तरी वेळा ती ठेवलेल्या कपाटाकडं बघत मी तुमच्यासमोर बसलोय. एकोणचाळीसावं पान काढलं. खालचा कोपरा, जिथं माझी दस्तखत होती, तिथं वेडावाकडा कापलेला होता.

"गिरमल अप्पा गेले त्याच रातीला," वैनी म्हणाल्या. "मला म्हनले, नाव कुटं हाय तिथं बोट ठेव. म्या ठेवलं. त्यांनी चाचपत कातर चालवली, माजंच बोट कापतंय की काय वाटलं, भावजी. चुलीत टाकलं ते चिटोरं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाचता येतंय की."

मास्तर, माझं नाव तुम्ही दोनदा काढलंत. एकदा पुस्तकावरून, एकदा गुन्ह्यावरून. दोन्हीदा मला न विचारता.

मी दुसऱ्या दिवशी बेंबळीला गेलो. गिरमल अप्पांची बायको गौराक्का दुकानात गल्ल्यावर होती. सगळं सांगितलं, फाटकापाशी अप्पा काय बोलले तेही. बोलून झाल्यावर तिनं सुपारी कातरायला घेतली.

"मास्तर दर श्रावणात यायचं," ती म्हणाली. "छकड्यातनं उतरून दारात हुबं ऱ्हायचं. बोलायचं न्हाय कायबी. म्या तांब्याभर पानी दिलं न्हाय कदी. गेल्या साली तर म्हनलं, आंधळं होऊन मरशील." सुपारी खाली ठेवली. "इतकी वर्सं म्या त्या मानसाला शिव्या दिल्या. आता त्या कुटं नेऊन टाकू, सांगा?"

"मला द्या," मी म्हणालो.

"तुमाला देऊन त्याच्या परत येत न्हाईत." ती उठली. मला वाटलं आत जाईल. तिनं फळीवरून पुस्तक काढलं, दुसरी प्रत, वाचायची. "ह्यात काय लिवायचं ते लिवा. खरं लिवा. पोरं बगत्यात ह्यातली चित्रं. लपवून बगत्यात, मला ठाव हाय."

म्हणजे वाद मिटला, मास्तर. तुम्ही विचारलं होतं, शुद्धिपत्रावर काय लिहायचं. शिसवाचा एक तुकडा राहिला होता, तुमच्या मण्याराच्या चौथ्या वेळेसाठी ठेवलेला. त्यावर मी अक्षरं उलटी कोरली, आठ दिवस लागले. बोटानं तपासली, तुमच्यासारखं माझंही बोट आता थांबतं. पाठीवर कुठला आकडा नाही, फक्त एक आडवी रेघ आहे, पाया दाखवायला. वैनींनी माडीवरची पोती उतरवली, खळ शिजवली. ठसा बघून म्हणाल्या, "भावजी, लोक तुमच्या दारात येतील." मी म्हणालो, येऊ देत. पहिली चिठ्ठी गौराक्काच्या प्रतीत चिकटवली, एकोणचाळीसाव्या पानावर. त्यावर हे आहे:

"ह्या पानावर मण्यार म्हणून छापलेला साप कवड्या आहे आणि कवड्या म्हणून छापलेला मण्यार आहे. मण्यार विषारी आहे, त्यानं माणूस मेलेला आहे. लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलं होतं. अदलाबदल छापण्याआधी बघितली होती आणि बघून तशीच ठेवली. चित्रे, ठसे आणि दोष : रंगनाथ विठोबा सुतार."

आता काढून दाखवा.